एक्केचाळीस-आठ

कुर्ल्याला सीएसटी रोडवर
मुस्तकीम मिस्त्रीने क्राऊन आणि पिनियन
जुन्या पेपरावर मांडले, बांगडे मांडावेत तसे.
मी दात मोजले. मोठ्याला एक्केचाळीस,
धाकट्याला आठ.
चाक एकदा फिरेपर्यंत
शाफ्टचे पाच फेरे, वर थोडी मिजास.

"ही जोडी बघा, सदतीस-नऊ. हायवेला इंजिन ओरडणार नाही.
पण कसाऱ्याला भरला टेम्पो रडेल. माल काय?"
थर्माकोल, मी म्हटलं.
तो हसला. "मग हवाच वाहता की, भाभी. बसवून टाका."

पहिल्या खेपेच्या परतीला
पडघ्याच्या पंपावरून ह्यांचा फोन:
लिटरला साडेदहा! अकरा पडत होते, तेही गेले.
तुझी वही घाल चुलीत.

मी म्हटलं, काटा अजून जुन्याच दातांनी मोजतोय,
शंभर म्हणेल तिथे सव्वाशे धरा.

पलीकडे गप्प. मग हिशोबाची पुटपुट.
तेरा, म्हणाले. तेराच्या वर.

आणि हळूच:
अगं, मागच्या दाराची कडी वाजते.
कधीपासून वाजत असेल?