ठिपका

बसमध्ये मी 'पंधरा' म्हणायचा सराव केला.
कर्वेनगर ते मंडई, ओठांतल्या ओठांत:
पंधरा हजार, दोन हप्त्यांत, निम्मे आधी.
शेजारच्या बाईंना वाटलं, जप करतेय.
त्यांनी खिडकीची जागा दिली.

बोहरी आळीत, नटबोल्टांच्या दुकानात,
मुर्तझाभाईंनी चहा सांगितला
आणि विचारलं, "घेणार किती?"
माझ्या तोंडून "पाच" निघालं,
बिस्कीट चहात गळून पडावं तसं.

"ठीक," ते म्हणाले. इतक्या पटकन
की कळलं, वीसही चाललं असतं.

कॉटबेसिसवर राहते. तिसरं वर्ष.
अकराला काकू मेन स्विच बंद करतात,
मग लॅपटॉपची फुगलेली बॅटरी
चाळीस मिनिटं साथ देते.
"उद्या डेटाबेसची ओरल आहे," ऋजुता पांघरुणातून म्हणते,
"आणि तू कुणाचे स्क्रू मोजत बसलीयेस?"

ओरलला सरांनी तक्त्यांची शिस्त विचारली.
पुस्तकातलं घडाघडा सांगितलं.
डोळ्यांपुढे होती खळदकरकाकांची उधारीची वही,
लाल कापडाच्या बांधणीची,
कुठल्याच शिस्तीत न बसणारी.

काका चौतीस वर्षं तिथे मुनीम.
एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याची तारीख मिळालेली.
ते बोट ठेवून वाचायचे, मी टाइप करायची:
नाव, माल, रक्कम, कधीपासून.
काही नावांपुढे पेन्सिलीचा ठिपका.

"हे काय?"
"ते असू दे."
"असू दे कसं? मला रकाना करावा लागेल."
काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.
"याला मागायचं नाही."

एकाचं वर्कशॉप जळालेलं.
एकाचा मुलगा गेला तो परत आलाच नाही.
एकाचं कारण काकाच विसरलेत,
पण ठिपका ठिपका आहे.
"शेठना माहीत आहे?"
"त्यांच्या वडिलांना होतं."

रात्री रकाना केला. उत्तर दोनच: हो किंवा नाही.
नाव काय द्यावं? सूट? माफी? अपवाद?
इंग्रजीत चार शब्द लिहून खोडले.
शेवटी रोमन लिपीत लिहिलं, ठिपका.
उद्या कुणी हा कोड उघडला तर डोकं खाजवेल.
खाजवू दे.

चाचणीसाठी देण्यांमध्ये एक खोटी नोंद हवी होती.
मी माझीच टाकली, खरी:
स्वानंदी ढेकणे, पाच हजार, मुदत एक महिना.
मग सबमिशन आलं, जर्नलं आली, एक विषय राहिला,
आणि डेमोच्या दिवशी पडद्यावर
एकच ओळ लाल.

"ही कोण?" मुर्तझाभाई पुढे वाकले.
"मी."
काका उगाचच खोकले.
बाहेर हातगाडीवाला कुणाला तरी बाजूला हो म्हणत होता,
बराच वेळ.

गल्ला उघडला. तीन हजार.
नोटांना ग्रीसचा वास.
"बाकीचे ईदनंतर."
कोणत्या ईदनंतर, ते विचारायचं राहिलं.
पण काकांनी मोठ्या अक्षरांत वहीत लिहिलं, दोन बाकी,
आणि वही माझ्याकडे फिरवली, वाचता यावी म्हणून.

खोलीवर आल्यावर माझं स्वतःचं खातं उघडलं.
त्यात एकच गिऱ्हाईक. येणे दोन हजार.
आईचा फोन आला, अभ्यास चाललाय ना,
म्हटलं, चाललाय.
कर्सर ठिपक्याच्या चौकटीवर लुकलुकत राहिला.
चांगला माणूस आहे. चहा दोनदा सांगितला.
अकरा वाजले, दिवा गेला,
बॅटरीची चाळीस मिनिटं सुरू झाली.

चौकट कोरीच ठेवली.
आणि अंधारात, हळूच, म्हणून बघितलं: वीस.

"काय वीस?" ऋजुता म्हणाली.