तीन रकाने

शुक्रवारी चारनंतर रुवीतली शटरं वर जातात
तेव्हा मी वही घेऊन उभा असतो.
हा तिसरा शुक्रवार.
वहीत तीन रकाने: लेनोवो, एसर, एचपी.
आडव्या रेघा साइटवरच्या फुटपट्टीने मारलेल्या,
कारण रेघ वाकडी असली की आकडा पटत नाही मला.
बावीस वर्षं मोजमापंच लिहितोय,
दुसऱ्यांच्या भिंतींची.

काउंटरमागे शिहाब, कासरगोडचा.
आता मला बघून हसतसुद्धा नाही, सरळ स्टूल पुढे करतो.
"चाचा, रॅम वही है, पिछले हफ्तेवाला."
माहीत आहे, म्हणतो. वजन सांग.

एक किलो सहाशे.
एक किलो नऊशे.
एक किलो दोनशे, पण त्याचे नव्वद रियाल वर.
सातशे ग्रॅम कमी घ्यायचे आणि नव्वद रियाल जास्त द्यायचे,
हा व्यवहार आईला कसा समजावणार?
ती अजून मेथीच्या जुडीवर दोन मिरच्या मागून घेते.

पण विमानात हातातल्या बॅगेला सातच किलो,
आणि सातशे ग्रॅम म्हणजे
खजुराचं एक पाकीट, बामाच्या चार डब्या,
वहिनीची अत्तराची कुपी, कागदात गुंडाळून.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

खोलीतला मुनाफ परकार कांदा चिरता चिरता म्हणतो,
"लग्न ठरवताना एवढं बघितलं नव्हतंस रे."
खरं आहे.
तेव्हा मी दहा दिवसांच्या रजेवर होतो.

केतकीने एकच ओळ पाठवली आहे:
ग्राफिक कार्ड हवंच, बाबा, बाकी तुम्हाला आवडेल ते.
मला काय आवडतं
हे बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं,
म्हणून तीन आठवडे लागले असतील.

प्रत्येक बटणावर दोन अक्षरं,
इंग्रजीच्या कुशीत अरबी.
इंग्रजी मला बिलापुरती येते, अरबी पाटीपुरती.
आपली अक्षरंही आत कुठेतरी आहेत म्हणे,
शोधून चालू करावी लागतात.

वॉरंटी एक वर्ष, फक्त आखातात.
माझा व्हिसा दोन वर्षं, फक्त ओमानात.
हद्द ओलांडल्यावर बिघाड झाला
तर दोघांनीही आपलं आपण बघायचं.

बॅटरी: खोक्यावर दहा तास.
शिहाब कानाशी येऊन म्हणाला, छे समझो.
त्याच्याकडूनच घ्यायचं हे तेव्हा ठरलं.

मग कॅमेरा.
हा रकाना वहीत नव्हताच.
तिन्ही मशीन शेजारी शेजारी उघडी ठेवून
मी एकेकासमोर वाकलो.
पहिल्यात माझा रंग विटेसारखा.
दुसऱ्यात मागचा ट्यूबलाइटच तेवढा दिसला.
तिसऱ्यात मी होतो,
डोळ्यांखालच्या काळ्या खड्ड्यांसकट, जसाच्या तसा.
शिहाब म्हणाला, आप को क्या, आप तो यहाँ रहोगे,
कॅमेरा तो वहाँ जाएगा.
तेच तर.
उद्या या चौकटीत ती बसणार आहे,
कोल्हापुरात, हॉस्टेलच्या पिवळ्या दिव्याखाली,
जेवलीस का विचारल्यावर हो म्हणणार आहे.
म्हणून तिच्या जागी आधी
माझा चेहरा ठेवून बघितला.
खोटं बोलताना दिसायला हवं.

तिसरा घेतला. एक किलो नऊशेवाला.
खजूर परत ठेवावा लागेल.

बिलावर नाव? केतकी.
शिहाबने अरबीत टाइप केलं,
शेजारचा सुलेमान वाचून म्हणाला, कतकी.
काना-मात्रा त्यांच्याकडे लिहीत नाहीत, समजून घेतात.
दुरुस्त करू? शिहाबने विचारलं.
राहू दे, म्हटलं.
वॉरंटी तशीही
तिच्यापर्यंत पोचणार नव्हती.