दगड होता तसा

अनाकोर्टिसच्या धक्क्यावर मार्लिस ट्वेटनं
आत्याला नारिंगी जॅकेट चढवलं,
तिन्ही बकलं छातीशी करकचून.
आत्या म्हणाली, "दुपट्यात बांधलं बाप्पा मले."
पुसदच्या खेड्यांतून चौतीस वर्षं नर्स होती ती,
बांधणं कुणाचं पक्कं, कुणाचं सैल,
तिला कळतं.

हॅलेट बेटाला पूल नाही, फेरी नाही.
स्वतःची बोट, नाहीतर मार्लिसची.
तासभर पाणी, मग देवदारांनी गच्च भरलेला खडक,
तरंगत्या लाकडी धक्क्यावर एक पाटी:
पाणी आपलं आपण आणा, कचरा आपला आपण न्या,
दगड उचललात तर होता तसा ठेवा.
शेजारी लोखंडी नळी, चिरेतून पाकीट टाकायचं, आत दहा डॉलर.
पाकिटावर रकाने. नाव लिहिलं. माणसं दोन.
बोटीचा नंबर?
तो कोरा सोडला.

मार्लिस म्हणाली, चारला येते, आणि गेली.
तिच्या इंजिनाचा आवाज गेल्यावर
जे उरलं त्याला शांतता म्हणवेना,
कावळे होतेच, आणि चिखलात काहीतरी सतत फुटत होतं, बुडबुड्यांसारखं.

"इथं कोन राह्यते?"
कुणी नाही, आत्या.
"मंग संडास कोनासाठी?"
आपल्यासाठी.
तिनं दार उघडून पाहिलं, कडी तपासली,
सरकारी तपासणीला आल्यासारखी मान हलवली.

साडेबाराला पाणी पार खाली गेलं.
वांग्याच्या रंगाचे तारामासे खडकाला चिकटून,
नखाएवढे खेकडे,
बोट लावताच मिटणारी हिरवी तोंडं.
आत्यानं पदर खोचला, बूट माझे, दोन नंबर मोठे,
आणि पाटाएवढा एक दगड दाखवून म्हणाली, धर.

खाली वीतभर डबकं, त्यात एक मासा.
कुरूप. बेडकाचं तोंड, पोटाशी ठिपक्यांची रांग.
आम्ही आलो तरी हलेना.
आणि दगडाच्या आतल्या अंगाला,
छताला झुंबरं लावावीत तशी
पिवळी अंडी, शेकड्यांनी,
प्रत्येकातून लोंबणारी शेपटी, थरथरती.

आत्या एकदम खालच्या आवाजात बोलू लागली.
वॉर्डातला आवाज असणार तो, मी कधी ऐकला नव्हता.
"माय आहे थे. ठेव. हळू. तिच्या अंगावर नको. डावीकडून."
मी ठेवला.
माझ्या हाताला त्याचं वजन
उचलतानापेक्षा ठेवताना जास्त लागलं.

चारला धुकं आलं. मार्लिस नाही.
धक्का दिसेना, मग झाडं दिसेनात,
मग मीच आत्याचा हात धरला, की तिनं माझा.
दशम्या संपल्या. पाणी घोटभर.
मी फोन उंच धरून फिरत होते,
ती मात्र ओंडक्यावर बसून पाण्याकडे कान लावून:
"चढून राह्यलं. आता दगडावर आलं असंन."

पावणेसहाला भोंगा. आधी आवाज, मग दिवा,
मग मार्लिसचा लाल कानटोपा.
परतताना आत्यानं हातानं मासा काढून दाखवला,
तोंड फाडून, डोळे वटारून,
आणि मार्लिस इतकी हसली की बोट वाकडी गेली.
आई नाही ती, म्हणाली, बाप.
आई अंडी लावून खोल पाण्यात निघून जाते.
हा राहतो. ओहोटीत उघडा पडला तरी राहतो.
रात्री गुणगुणतोसुद्धा, बोटीच्या तळाला ऐकू येतं.

मी मराठीत सांगितलं.
आत्या धुक्याकडे बघत राहिली,
जॅकेटचं मधलं बकल उघडत, लावत, उघडत.
किनारा आला तेव्हा म्हणाली,
"आमच्याकडचे दाराबाहेर बसत. विडी ओढत.
काही तर पोरगी झाली म्हनून तिथूनच गावाले परत जात."

रात्री माझ्या घरी, बेलिंगहॅमला,
दिवा मालवून झाल्यावर पलीकडच्या खोलीतून:
"दगड नीट ठेवला होता ना तू?"
हो, आत्या.
"अंडी वरच्या अंगाले होती."
हो.

मग ती झोपली, घोरायलाही लागली.
मी अंधारात दोन्ही तळवे छताकडे करून
तो दगड पुन्हा उचलून पाहिला.
डावीकडून ठेवला होता, बहुतेक.