आरामशीनवरचा सिंह

सारडा शेठची गाडी
जिनिंगच्या मागे, सरकीच्या ढिगाला टेकून
अकरा वर्षं उभी होती.
लिहिलेलं एक, म्हणायचं भलतंच,
म्हणून देवळीत सगळे तिला
सिंहाची गाडी म्हणत.

फ्रान्सची कंपनी आली तशी गेली.
तिकडे कल्याणला कारखान्याला कुलूप,
इकडे हेड गॅस्केटसाठी टाकलेल्या पत्राला
उत्तर नाही.
सयाम मिस्त्री म्हणाला,
"शेठ, माणूस मेला तं तेरवी करता येते,
कंपनीची कायची करता?"

मी त्याला सांगितलं, कुठंसं वाचलेलं:
हे लोक आधी पिठाची चक्की चालवायचे,
मग करवतीची पाती,
छत्रीच्या काड्या, कॉफी दळायची यंत्रं,
सायकली. मोटार फार मागून आली.
सिंह मात्र करवतीच्या वेळचा.
तसे दात, तसा लवणारा कणा.

तो ऐकत होता की नाही कोण जाणे.
पाना तेवढा थांबला होता.

मागच्या चैतात त्यानं इंजिन उतरवलं,
भाच्याच्या आरामशीनला जोडलं.
लाइन गेली की ते
डिझेल पिऊन गुरगुरतं
आणि बाभळीचा ओंडका
मधोमध उघडतो.

गाडीच्या नाकावरचा सिंह
पट्ट्याच्या वर, चार खिळ्यांत,
थोडा वाकडाच.
भुशानं आयाळ पिवळी झालेली.

"हा कायले लावला गा?"

"त्याचंच काम होतं न हे,"
म्हणाला, आणि कानाला दुपट्टा गुंडाळून
त्यानं लिव्हर खाली ओढला.