गैरसोय भत्ता

पगाराच्या चिठ्ठ्या मीच काढते, एक बुधवार सोडून.
कॅप्टन किला वागी : किनामध्ये.
कॅप्टन डेन्बी : डॉलरमध्ये,
वर घरभाडं, मुलींची ब्रिस्बेनची फी,
आणि एक ओळ, जिच्यापाशी
माझं बोट अजून अडतं :
गैरसोय भत्ता.
पोर्ट मोर्सबीत राहावं लागतं, त्याबद्दल.

किलाची आई हनुआबाडात
समुद्रात रोवलेल्या खांबांवर
सत्तर वर्षं राहते आहे.

नव्याला वाट दाखवायला
किला उजव्या खुर्चीत बसतो.
टारीवर ढग मिटले की म्हणतो,
थांब. त्या कड्याच्या डावीकडे धूर दिसेल,
कुणीतरी रताळी भाजत असेल.
तिथून वळ.
डेन्बी वळतो.
माणूस वाईट नाही;
नाताळात मला बिस्किटांचा डबा देतो.

काल किला खिडकीशी आला.
म्हणाला, गेउआ,
माझ्या नावापुढे लावून बघ ना ती ओळ.
दोघंही हसलो.

तो गेल्यावर लावून बघितली.
शोभत होती.
आकड्याच्या जागी काय लिहावं
ते मात्र सुचेना.
पंखा फिरत होता. बाहेर
तीन वाजताचं हेगनचं विमान
वेळेवर सुटलं.
मी ओळ खोडली.