थांबलेली हवा

लोहिया बाजारातून पाच तुकडे आणलेत,
पिशवीतून, दुधी-भोपळा आणावा तसे.
ओट्यावर मांडलेत.
वर गच्चीच्या खोलीत विश्वंभर झोपलाय,
झोपलाय म्हणजे, छातीवर ओला पंचा टाकून
मिटल्या डोळ्यांनी छताकडे बघत पडलाय.
रात्रपाळीचा माणूस. कंपूच्या इस्पितळात
रात्रभर ऑक्सिजनचे काटे वाचतो,
सकाळी आठला घरी येतो,
आणि ग्वाल्हेरचा मे दहालाच स्लॅबवर ठाण मांडून बसतो.

थर्माकोल पंख्याच्या वाऱ्याने दोनदा खाली पडला.
टीव्हीच्या खोक्यातून निघतो तोच हा, पांढरा, दाणेदार.
"चलता है, बहनजी," कुशवाह म्हणाले.
चालेल. पण खालच्या भाडेकरूची कोळशाची इस्त्री आहे
आणि ठिणगीला जिना चढता येतो.

काचेच्या लोकरीला बोट लावलं,
मनगट दोन दिवस खाजत होतं.
शिवाय ती एकदा भिजली की संपली, म्हणे, गोधडीसारखी.
दगडाचीही लोकर असते. मला हसूच आलं.
किल्ल्याच्या पायथ्याशी जन्म गेला
आणि दगड कातता येतो हे आज कळतंय!
तिला आग लागत नाही. भाव ऐकून मला लागली.

पफ म्हणजे पिवळा, घट्ट बसलेला फेस.
त्याचा आकडा सगळ्यांत लहान.
(इथे आकडा लहान तो हुशार, प्रगतिपुस्तकाच्या उलट.)
किंमत मात्र प्रगतिपुस्तकासारखीच.
आणि ही निळी पाटी, नखाने ओरखडा उठेना,
पाणी पीत नाही, वर फरशी घाला, चाला, पापड वाळवा.

नानांचा दौलतगंजात बर्फाचा डेपो होता.
लग्नसराईत लाद्या यायच्या, भुशात पुरलेल्या.
मी भुशात कोपरापर्यंत हात घालून म्हटलं होतं,
नाना, हा तर गार नाहीच!
"भुसा कशाला गार असेल," ते म्हणाले,
"तो फक्त हवेला बसवून ठेवतो.
बसलेली हवा चुगल्या करत नाही,
इकडची ऊब तिकडे नेत नाही."

म्हणजे पाचही तुकड्यांत माल एकच.
दाण्यात, धाग्यात, फेसात
हवाच बसवलीय. (फेसात म्हणे दुसराच कुठला वायू,
पण बसलेलाच.)
पैसे तिचे नाहीत, तिच्या बसण्याचे.
तिला कोण किती वर्षं उठू देत नाही,
पावसात, उंदरांत, बायकांच्या पायांखाली,
एवढंच विचारायचं होतं दुकानात.
मी उगाच तासभर रंग बघत बसले.

काल सकाळी सहाला, ऊन यायच्या आत,
पाचही गच्चीवर ठेवले, प्रत्येकावर एक वीट.
दुपारी दोनला वर गेले, चपला जिन्यात काढून.
थर्माकोलचा कोपरा खारीने नेला होता.
काचेच्या लोकरीवर टाकीची गळती ठिबकलेली,
खाली स्लॅब तव्यासारखा.
पफ उचलला, पाय ठेवला, वा.
निळी उचलली, पाय ठेवला. वा, थोडं हळू.

हिशेब घातला. दोन इंच निळी परवडते,
चार नाही. कुशवाह खरं बोलले त्यात,
पहिल्या दोन इंचांनी जे अडतं
ते पुढच्या दोनांनी तेवढं अडत नाही.
आतून छताला नाही लावायची, वरून घालायची,
उन्हाला स्लॅब भेटताच कामा नये.
वर पांढरी मोडकी फरशी, तुकड्यांची.
जानेवारीत हीच पाटी उलटी राखण करेल.
पश्चिमेच्या भिंतीचं काय, ते अजून सुचलेलं नाही.

एवढं सगळं मी एका पायावर उभी राहून ठरवलं,
फूटभर गार चौकोनात, बगळ्यासारखी,
दुसरा पाय ठेवायला जागाच नव्हती.
माझ्या बरोबर खाली
विश्वंभर कूस बदलला. खाट करकरली.
मग पंख्याचाच आवाज.