येणे बाकी

आमच्या घरात मागणं फक्त देवाजवळ,
तेही ओठ न हलवता.
शेजारून वाटीभर साखर आणली
तर परत करताना आई वाटी शिगोशीग भरायची.
त्या घरातली मी
रामबागेच्या गल्लीत, भर दुपारी,
लोकांच्या कड्या वाजवत फिरते आहे.

पावतीपुस्तक गणेश मंडळाचं, गेल्या भाद्रपदातलं उरलेलं.
वर छापलेला गणपती तसाच ठेवला,
'वर्गणी'वर रेघ मारली,
बाजूला लिहिलं: शाल्मलीसाठी.
पहिल्या पन्नासेक पावत्यांवर
ती रेघ वाकडीच येत होती.

इंदुरात वर्गणीला चंदा म्हणतात.
संध्याकाळी दवाखान्यात गेले की
मास्कच्या आतून पोरगी विचारते,
"आत्या, आज किती चंद्र?"
बावीस, मी म्हणते.
"आणि पौर्णिमेला किती लागतात?"
अठरा लाख. हे मी सांगत नाही.

वहीच्या उजव्या पानावर पैसे चढतात,
डाव्यावर तिच्या प्लेटलेट उतरतात.
चौदा हजार. अकरा. मग नऊ.
तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं,
या दोन पानांची बेरीज होत नाही
एवढं मला कळतं.
तरी रात्री बोट दोन्हीकडून फिरतं.

दिलं लोकांनी.
ज्यांना धरलं नव्हतं त्यांनी आधी.
खालच्या दिघेवहिनी, नळावरून सात वर्षं अबोला,
दार उघडून आत गेल्या, दोन हजार एक हातावर ठेवले,
आणि अबोला तसाच ठेवून दार लावलं.
पोहेवाल्या राधेश्यामनं गल्ला पालथा केला:
"आप ही गिन लो दीदी, मुझसे नहीं होगा."
चिल्लरीला जिरावणाचा वास होता,
तिला बाहेरचं खायची बंदी, म्हणून
मी ती पिशवी दवाखान्यात नेलीच नाही.

एका बंगल्यात पंखा लावला, पाणी दिलं,
सगळे रिपोर्ट उलटून पाहिले,
मग म्हणाले, "फोटो जरा आजारी दिसेल असा नाही का?"
माझ्याकडे होता तो पुढचा दात पडलेला, हसरा.
तो पर्समध्ये ठेवला.
पाणी मात्र पूर्ण पिऊन उठले.

सगळ्यांच्या रकमा एकावर संपतात:
एकशे एक, पाचशे एक, एकवीसशे एक.
शून्यावर थांबू नये म्हणून ठेवलेला वरचा रुपया.
दवाखान्याच्या कागदावर तर अठरापुढे शून्यंच शून्यं,
तिथे या एकाला जागा नाही.
ते रुपये मी पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकते,
शाल्मली डबा हलवते, कान लावते,
दमते.

सियागंजात हकीमुद्दीनभाईंचं दुकान, खिळ्या-बिजागऱ्यांचं.
भाऊ तिथे कधीकाळी माल उतरवून घ्यायचा,
तेवढीच ओळख.
त्यांनी टोपी सरळ केली,
नोटा दोनदा मोजल्या. पाच हजार.
मी सवयीनं थांबले.
"वो एक रुपया मेरे पास रहने दो," ते म्हणाले,
"लेने बच्ची खुद आएगी."
पूल ओलांडला तरी
पेनचं टोपण माझ्या मुठीतच होतं.

काल तिला काचेच्या खोलीत नेलं.
पाच वर्षांच्या भावाच्या हाडातून काढलेलं
पिशवीतून थेंबाथेंबानं तिच्यात जातं आहे.
त्यानं विचारलं,
"ताई हे परत करणार का?"
कुणालाच उत्तर सुचलं नाही.
डॉक्टर म्हणतात, तीन आठवडे काही विचारू नका.
अजून पावणेदोन लाख कमी आहेत,
उद्या जेल रोडपासून सुरुवात करायची.

रात्री वहीचं शेवटचं पान उघडलं.
फळ्यावर लिहायचे
तसं ठळक, मधोमध लिहिलं:

येणे.
हकीमुद्दीनभाई, सियागंज.
रुपये एक.